पदवीच्या शेवटच्या वर्षांत विद्यार्थ्याच्या हाती आकडे द्या : अर्थशास्त्र अभ्यास मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य, अर्थशास्त्र अभ्यास मंडळ,
तसेच जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे अर्थशास्त्र विभागप्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

पाचव्या सत्रापासून पुढचे अर्थशास्त्राचे पेपर नव्या आराखड्यात बसवले जात असताना आमची एकच मागणी आहे. टी.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, प्रत्येक विद्यार्थ्याने खान्देशातल्या एका बाजाराची किंवा एका गावाची कच्ची आकडेवारी वर्षभर स्वतः हाताळलेली असावी आणि तिच्यातून अर्थशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर शोधलेले असावे. त्यासाठी लागणारे गणित आणि संख्याशास्त्र तिसऱ्या-चौथ्या सत्रात शिकवून झालेले असावे. हे कसे करता येईल आणि कुठे फसेल, ते सविस्तर मांडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येते आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. सहा सत्रांत ज्याने एकदाही कच्ची आकडेवारी उघडून पाहिलेली नाही, तो सातव्या सत्रात संशोधनाचा प्रश्न आणणार कुठून? मग प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो. प्रस्तावना, साहित्याचा आढावा, टक्केवारीचे चार तक्ते, दोन रंगीत वर्तुळे, ‘शासनाने लक्ष द्यावे’ असा निष्कर्ष आणि स्पायरल बाइंडिंग. आपण सगळ्यांनी अशा वह्या तपासल्या आहेत आणि त्यांना गुणही दिले आहेत.

आधी गणिताचे बोलू, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. आपल्याकडे बी.ए.ला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचे गणित दहावीला सुटलेले असते. अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचा घटक असतो, पण प्रश्नपत्रिकेत उदाहरणाला पर्याय म्हणून ‘टीपा लिहा’ असते. त्यामुळे तो घटक सरळ ऑप्शनला टाकला जातो आणि एकही उदाहरण न सोडवता विद्यार्थी पदवीधर होतो. आमचा प्रस्ताव असा की तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात प्रत्येकी २ श्रेयांक, म्हणजे ३० अधिक ३० तासिका, फक्त यासाठी राखाव्यात. तिसऱ्या सत्रात टक्केवारी आणि लॉग ६ तासिका, उतार आणि डेरिव्हेटिव्ह १०, दोन चलांचे आंशिक डेरिव्हेटिव्ह ६, बंधन घालून महत्तम काढण्याची लाग्रांजची पद्धत ८. चौथ्या सत्रात सरासरी आणि प्रमाण विचलन ६, संभाव्यता आणि नॉर्मल वितरण ८, नमुना आणि प्रमाण त्रुटी ८, टी-चाचणी आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल ८.

लॉग सुरुवातीलाच ठेवण्याचे कारण लवचीकता. भाव आणि आवक या दोन्हींचे लॉग घेऊन रिग्रेशन केले, म्हणजे सगळ्या बिंदूंच्या सर्वांत जवळून जाणारी रेषा काढली, की उतार हीच आवकेनुसार भावाची लवचीकता मिळते. उतार उणे ०.३५ आला, तर आवक १० टक्के वाढल्यास भाव सुमारे ३.३ टक्के पडतो, असा त्याचा अर्थ. हे ज्याला पानभर न लिहिता दोन ओळींत सांगता येते, त्याला लवचीकता कळली. सूत्राची सिद्धता फळ्यावर लिहून ती पाठ करून घेण्यात या तासिका घालवू नयेत. मुलांना झेपत नाही म्हणतात ते बहुतेक वेळा त्या पाठांतराबद्दल असते. कापूस विकताना ओलावा आणि कडता (वजनातली कपात) यांचा हिशेब तोंडी करणाऱ्या घरांतून ही मुले येतात.

आता मुख्य काम, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या सत्रातली बाजाराची फाइल. त्यासाठी ४ श्रेयांकांचा पेपर धरला, तर २ श्रेयांक तासिकांचे आणि २ प्रात्यक्षिकाचे असावेत. श्रेयांकाच्या नियमाने तासिकांचे ३० आणि प्रात्यक्षिकाचे ६० तास मिळतात. कापसाचे उदाहरण घेऊ, कारण त्यात व्यष्टी अर्थशास्त्र, कृषी अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय व्यापार असे तिन्ही पेपर भेटतात.

विद्यार्थ्याने एक बाजार समिती निवडावी आणि ऑक्टोबर ते मार्च या हंगामाची रोजची आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर उतरवून घ्यावेत. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर हे आकडे फुकट मिळतात. एक हंगाम पुरत नाही. किमान तीन हंगाम हवेत, म्हणजे दोन मागचे आणि एक चालू. चालू हंगामाचे आकडे दर आठवड्याला भरायचे आणि महिनाअखेरीस फाइल विभागात जमा करायची. मूळ फाइल ‘कच्ची’ म्हणून जशीच्या तशी ठेवायची, दुरुस्त्या दुसऱ्या फाइलीत करायच्या आणि प्रत्येक दुरुस्तीचे कारण तारखेसह वहीत लिहायचे. वर्षाच्या शेवटी विकत आणलेला प्रकल्प कोणता आणि स्वतः केलेला कोणता, हे या वहीवरून पाच मिनिटांत कळते.

पहिल्या महिन्यात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यात मोठी एककाची. अ‍ॅगमार्कनेटवर आवक टनांत असते आणि पणन मंडळाकडे क्विंटलमध्ये. दोन्हीकडून आकडे उचलून एका रकान्यात टाकले की अर्धी आवक दहापट होते. त्याखालोखाल बंद दिवसांची चूक. रविवार, अमावास्या, दिवाळीची सुट्टी, हमालांचा संप या दिवशी बाजार भरत नाही. तिथे रिकामी जागा हवी, पण विद्यार्थी शून्य भरतो. २६ दिवसांपैकी २२ दिवस भाव ७,००० रुपये आणि ४ दिवस शून्य असे भरले, तर महिन्याची सरासरी ५,९२३ येते आणि भाव कोसळल्याचा निष्कर्ष निघतो. टंकनाच्या चुका मूळ संकेतस्थळावरही असतात, ७,२०० चे ७२० किंवा ७२,००० झालेले असते. त्यासाठी दोन साध्या तपासण्या सक्तीच्या कराव्यात. किमान दर सर्वसाधारण दरापेक्षा जास्त नसावा आणि सर्वसाधारण दर कमाल दरापेक्षा जास्त नसावा, ही एक. आदल्या बाजारापेक्षा भाव २० टक्क्यांहून जास्त हलला असेल तर ती ओळ लाल करून कारण शोधायचे, ही दुसरी. लाल केलेली ओळ खोडायची मात्र नाही, कारण काही उड्या खऱ्याच असतात.

मग येतो हमीभाव. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला ७,१२१ आणि लांब धाग्याचा ७,५२१ रुपये होता. २०२५-२६ ला ते ७,७१० आणि ८,११० झाले. सर्वसाधारण दर याहून कमी दिसला की विद्यार्थी लगेच लिहितो की व्यापाऱ्यांनी लूट केली. लूट असेलही, पण या दोन आकड्यांवरून ती सिद्ध होत नाही. हमीभाव ८ टक्के ओलाव्याच्या, ठरलेल्या प्रतीच्या कापसाचा असतो. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात कपात होते आणि त्याहून ओला कापूस शासकीय खरेदीत घेतला जात नाही. ऑक्टोबरमधल्या पहिल्या वेचणीचा ओला कापूस आणि हमीभाव यांची तुलना करायची तर आधी ओलावा सारखा करून घ्यावा लागतो. शिवाय खान्देशात खेडा खरेदीचा मोठा व्यवहार घराच्या ओट्यावरच होतो, तो समितीच्या नोंदीत येत नाही. आपल्या फाइलीतली आवक म्हणजे कापसाचे एकूण उत्पादन नव्हे, हे विद्यार्थ्याने पहिल्याच पानावर लिहायला हवे.

कापसाचा भाव कुठून येतो हे समजावण्यासाठी जिनिंगचा, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करण्याचा, हिशेब करून घ्यावा. व्युत्पन्न मागणी (पक्क्या मालाच्या मागणीतून निघणारी कच्च्या मालाची मागणी) हा घटक आपण दोन व्याख्या आणि एक आकृती देऊन संपवतो. तो खरा इथे कळतो. एक क्विंटल कापसापासून रुईचा उतारा ३४ किलो आणि सरकी ६४ किलो धरू, उरलेली घट. रुईचा भाव खंडीवर निघतो आणि खंडी ३५६ किलोंची. समजावण्यापुरते आकडे घेऊ: खंडी ५४,००० रुपये आणि सरकी किलोला ३४ रुपये. रुईचा किलोचा भाव १५१.७ झाला, ३४ किलोंचे ५,१५७ रुपये आणि सरकीचे २,१७६, मिळून ७,३३३. यातून जिनिंगचा खर्च, हमाली, वाहतूक, व्याज आणि नफा वजा केला की जिनर शेतकऱ्याला जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते समजते. आता उतारा ३५ किलो धरा आणि सरकी ६३. क्विंटलमागे सुमारे ११८ रुपये वाढतात. चांगल्या वाणाच्या कापसाला जास्त भाव का मिळतो, सरकी ढेपेचा बाजार तेजीत आला की रुई पडूनही कापूस का टिकतो, आणि ओलावा वाढला की उतारा कसा घटतो, ही सगळी उत्तरे या एका तक्त्यात आहेत. रुई आणि सरकीचे भाव बदलून दहा वेळा हा तक्ता चालवला की विद्यार्थ्याला आंशिक डेरिव्हेटिव्हचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

यानंतर रिग्रेशन. इथे शिक्षकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इथे चूक दिसत नाही. संगणक उत्तर देतो, आर-स्क्वेअर (रेषा आकड्यांशी किती जुळते त्याचे ० ते १ मधले माप) ०.९ येतो आणि वर्ग खूश होतो.

भावाचे आवकेवर रिग्रेशन केले तर जी रेषा मिळते ती मागणीची की पुरवठ्याची? बाजारातल्या प्रत्येक दिवसाचा बिंदू हा दोन्ही वक्रांच्या छेदाचा बिंदू असतो. आवक वाढली की भाव पडतो, हे खरे. पण भाव चढला की घरात साठवलेला कापूस बाहेर निघतो, हेही तितकेच खरे. आपल्याकडे भाववाढीच्या आशेवर कापूस खोल्याखोल्यांतून भरून ठेवला जातो, त्यामुळे दुसरा परिणाम लहान नसतो. म्हणून काही हंगामांत उतार चक्क अधिक चिन्हाचा (धन) येतो. विद्यार्थ्याला वाटते आपले चुकले, आणि उतार उणे येईपर्यंत तो ओळी खोडत बसतो. हे थांबवायचे असेल तर अधिक आलेल्या उताराला पूर्ण गुण मिळतील, फक्त तो का आला हे लिहावे लागेल, असे आधीच जाहीर करायला हवे.

पुस्तकातला उपाय म्हणजे असे एक चल शोधायचे जे आवक हलवते पण मागणीला हात लावत नाही. त्याला साधन म्हणतात. वर्गात हमखास सुचवले जाते ते पाऊस. पाऊस पडला की वेचणी थांबते, आवक घटते, सूतगिरणीच्या मागणीला काही होत नाही. राज्याच्या कृषी विभागाकडे महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस उपलब्ध आहे, म्हणजे आकडेही हाताशी आहेत. पण जरा थांबा. पावसाने कापूस भिजतो, ओलावा वाढतो, बोंडातला कापूस पिवळा पडतो आणि भाव थेट प्रतीमुळे पडतो. म्हणजे पाऊस भावाला आवकेशिवाय दुसऱ्या वाटेनेही हात लावतो आणि अट मोडते. ऑगस्टचा पाऊस घेतला तर ही अडचण कमी होते, पण मग हंगामाला एकच आकडा मिळतो आणि तीन हंगामांत तीनच. यावर वर्गात दोन तास वाद झाला तर ते दोन तास संपूर्ण सत्रातले सर्वांत मोलाचे. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पुढे जाऊन पहिल्या टप्प्याचा, म्हणजे साधनाने आवक खरोखर हलते का हे सांगणारा, एफ हा आकडा तपासावा. तो १० पेक्षा कमी असेल तर साधन दुबळे आहे आणि उत्तरावर भरवसा ठेवू नये. टी.वाय.ला एवढे कळले तरी पुष्कळ आहे, की रेषा काढता आली म्हणजे कारण सापडले असे नाही.

दुसरा सापळा काळाचा. आजचा भाव कालच्या भावाला धरून असतो. रोजच्या आकड्यांवर सरळ रिग्रेशन केले की डर्बिन-वॉटसन (सलग दिवसांच्या चुका एकमेकींना धरून आहेत का हे सांगणारा आकडा) २ च्या बरेच खाली येते, प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे त्याचे माप) खोटी लहान दिसते आणि सगळेच गुणांक महत्त्वाचे वाटू लागतात. एकाच काळात चढत गेलेल्या कोणत्याही दोन मालिका एकमेकींशी घट्ट जुळलेल्या दिसतात, मग त्यांचा संबंध असो वा नसो. यावर टी.वाय.ला झेपणारा उपाय म्हणजे भावाऐवजी भावाच्या लॉगमधला रोजचा फरक घ्यायचा आणि ग्रेटल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रोबस्ट प्रमाण त्रुटीच्या चौकटीत खूण करायची. आर-स्क्वेअर ०.९ वरून ०.०८ वर उतरतो. विद्यार्थी घाबरतो. त्याला सांगायचे की आधीचा आकडा फुगलेला होता, हा खरा.

वेगवेगळ्या वर्षांचे भाव जोडताना महागाई काढून घ्यायला मुले विसरतात. घाऊक किंमत निर्देशांक वापरावा, पण आधारवर्ष बदललेल्या दोन मालिका जोडगुणांकाशिवाय (दोन्ही एका पायावर आणणाऱ्या आकड्याशिवाय) एकमेकींना चिकटवू नयेत.

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पेपराला याच फाइलीतून एक चांगला प्रश्न निघतो. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले होते. शुल्कमाफीने भाव किती पडला? आधीचा भाव आणि नंतरचा भाव वजा करून उत्तर देणाऱ्याला शून्य गुण द्यावेत, कारण त्याच काळात हंगाम सुरू होतो आणि आवकेने भाव तसाही खाली येतो. मागच्या हंगामांत याच आठवड्यांत भाव किती उतरला होता, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि ते पाहूनही उरणारी शंका विद्यार्थ्याने लिहावी. उत्तर न सापडणे आणि का सापडले नाही हे नीट सांगणे यालाही गुण असावेत.

रावेर, यावल, चोपडा, भुसावळ भागातल्या महाविद्यालयांनी केळी घ्यावी. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि त्यात शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला, हे आपण इतिहास म्हणून शिकवतो. त्याच परिसरात रोज ठरणारा केळीचा भाव मात्र अर्थशास्त्राच्या कोणत्याच पेपरात येत नाही. केळीत आवकेचा आकडा कापसापेक्षाही फसवा आहे. माल शेतातच कापून ट्रकमध्ये भरला जातो, आणि २०१६ पासून राज्यात फळे-भाजीपाल्याचा समितीबाहेरचा व्यापार नियमनमुक्त आहे. म्हणून इथे आवक-भाव असा अभ्यास करू नये, बाजार एकमेकांशी जोडलेले आहेत का हे तपासावे. रावेरचा जाहीर भाव आणि सीमेपलीकडच्या बुऱ्हाणपूरचा भाव यांतला रोजचा फरक काढायचा. तो वाहतूक खर्चाच्या आत राहतो का, एका बाजारातली हालचाल दुसरीकडे त्याच दिवशी पोहोचते की दुसऱ्या दिवशी, हे पाहायचे. नवती, पिलबाग आणि वापसी या केळीच्या तीन प्रकारांचे भाव वेगळे रकाने करून ठेवावेत. तिन्ही एकत्र केले तर हंगामात मालाची प्रत बदलली की भाव बदलल्यासारखा भासतो. जाहीर भाव आणि शेतकऱ्याच्या पदरात पडलेला भाव यांतही अंतर असते. ते मोजायचे असेल तर दहा-पंधरा शेतकऱ्यांच्या पावत्या, नाव झाकून, संमतीने उतरवून घ्याव्यात. नंदुरबारला हेच मिरचीचे करता येईल. तिथे ओली आणि सुकी मिरची कधीही एका रकान्यात येऊ देऊ नये.

सातपुड्यातल्या महाविद्यालयांना बाजाराच्या फाइलीपेक्षा गावाची पाहणी जवळची आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६.४८ लाख होती आणि त्यात ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे. राष्ट्रीय नमुना पाहणीत हा जिल्हा धुळे, जळगाव आणि नाशिकसोबत एका विभागात मोजला जातो. त्या विभागाची सरासरी नंदुरबारमधल्या धडगावला लावली तर नाशिकचे कारखाने आणि द्राक्षे धडगावच्या खात्यात जमा होतात. श्रमबलाच्या नियतकालिक पाहणीत जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा मूळ भौगोलिक घटक धरला आहे, तरी जिल्ह्याचा नमुना लहान असल्याने प्रमाण त्रुटी पाहिल्याशिवाय टक्केवारी लिहू नये. एकक-स्तरीय आकडेवारी, म्हणजे पाहणीतल्या एकेका कुटुंबाची आणि व्यक्तीची नोंद, मोफत मिळते. ती वापरताना प्रत्येक ओळीचा भार, म्हणजे मल्टिप्लायर, विसरला की सगळी टक्केवारी चुकते.

म्हणून गावाची स्वतःची पाहणी हवी. आजची पद्धत अशी की ‘१०० कुटुंबांचा सर्व्हे’ म्हणजे विद्यार्थ्याचे नातेवाईक, शेजारी आणि गल्ली. त्याऐवजी ग्रामपंचायतीकडून घरांची यादी घ्या. घरे २४० असतील आणि ४० हवी असतील, तर दर सहावे घर. पहिले घर १ ते ६ मधून चिठ्ठी टाकून. घर बंद असेल तर शेजारचे घर घ्यायचे नाही. हा नियम मोडला की पाहणी संपली, कारण अक्कलकुवा, धडगाव भागात दिवाळीनंतर बंद असलेली घरे बहुतेक गुजरातेत किंवा ऊसतोडीला गेलेल्यांची असतात. त्यांना वगळून स्थलांतराचा अभ्यास करणे म्हणजे ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे त्यांनाच गाळणे. बंद घरांची यादी वेगळी ठेवावी आणि होळीला पुन्हा जावे. काठीच्या होळीच्या आसपास बाहेर गेलेली माणसे गावात असतात. प्रश्न भिलीत, पावरीत किंवा अहिराणीत विचारावेत, नोंद मात्र सर्वांनी एकाच संकेतांकांत करावी.

‘तुमचे वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाकावा. त्याचे खरे उत्तर कुणाकडेच तयार नसते, आणि असले तरी योजनेच्या आशेने ते कमी सांगितले जाते. खर्च विचारावा: भाजी, दूध, तेलाचा गेल्या ७ दिवसांचा, धान्य आणि इंधनाचा ३० दिवसांचा, कपडे, शिक्षण, दवाखान्यातल्या भरतीचा ३६५ दिवसांचा. सगळे मग महिन्यावर आणायचे. घरच्या शेतातले धान्य खाल्ले असेल तर त्याची किंमत गावातल्या भावाने धरायची. ते सोडले की सर्वांत गरीब दिसणारे कुटुंब तेच ठरते जे स्वतःची ज्वारी खाते. जमीन सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये असते आणि माणूस सांगतो एकरात. एक एकर म्हणजे सुमारे ४० आर, हे प्रश्नावलीवरच छापून ठेवावे.

मूल्यमापनाबद्दल थोडे. १०० गुणांपैकी फाइल आणि दुरुस्त्यांच्या वहीला ३०, विश्लेषणाला २०, लेखनाला २० आणि तोंडी परीक्षेला ३० असे वाटप आम्हाला योग्य वाटते. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारू नयेत. परीक्षकाने विद्यार्थ्याची फाइल घ्यावी, तिच्यातले पाच आकडे बदलावेत आणि विद्यार्थ्याला ते शोधायला २० मिनिटे द्यावीत. ज्याने सहा महिने ती फाइल भरली आहे तो शोधतो. लेखी परीक्षेत एक उदाहरण पर्यायाविना असावे, त्यात संगणकाने छापलेला निकालाचा तक्ता द्यावा आणि त्याचे वाचन मागावे.

पुढच्या परीक्षांचा विचार केला तरी हे लागतेच. आयआयटीच्या जॅम परीक्षेत २०२० पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. त्यात ६० प्रश्नांपैकी २० आकडी उत्तराचे असतात आणि तिथे पर्याय नसल्याने अंदाज चालत नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी पदासाठी बारावीला गणितात ६० टक्के किंवा पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय लागतो. बारावीला गणित नसलेल्या आपल्या मुलांसाठी दुसरीच वाट उघडी आहे. म्हणून नव्या पेपराच्या नावात ‘संख्याशास्त्र’ हा शब्द असावा आणि तो गुणपत्रिकेवर तसाच छापला जावा. ‘अर्थशास्त्रीय विश्लेषणाची साधने’ अशा नावाने कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर मुलांना भांडत बसावे लागू शकते.

अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. कला शाखेला प्रयोगशाळा नाही, संगणक कार्यालयात आहेत आणि तेही जुने. ग्रेटल जुन्या संगणकावर चालते. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांना गूगल शीटमधल्या लाइनेस्ट या सूत्राने रिग्रेशन, प्रमाण त्रुटी आणि आर-स्क्वेअर मिळतात. २० जणांच्या तुकडीला चार चालू संगणक पुरतात, तासिका पाळीने लावल्या तर. खरी अडचण शिक्षकांची आहे. अनेक विभाग सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) एकदोघांवर चालतात, दरवर्षी माणसे बदलतात आणि वर्षभराचे काम मध्येच तुटते. प्रात्यक्षिकाचे तास कार्यभारात मोजले गेले नाहीत तर ते वेळापत्रकात राहतील, वर्गात नाही. म्हणून हे तास कार्यभारात धरण्याचे परिपत्रक अभ्यासक्रमासोबतच निघावे. फाइली विद्यार्थ्यासोबत घरी जाऊ नयेत, विभागाच्या मालकीच्या राहाव्यात. पुढची तुकडी मागच्या तुकडीच्या फाइलीला नवा हंगाम जोडेल. पाच वर्षांनी त्या विभागाकडे स्वतःच्या बाजाराची, तपासलेली, चुकांच्या नोंदींसह आकडेवारी असेल.

गणिताची सक्ती केली तर प्रवेश घटतील, ही भीती लहान महाविद्यालयांना आहे आणि ती आम्ही हलकी मानत नाही. तुकडी टिकली नाही तर पद जाते. म्हणून पहिल्या वर्षाला हात लावू नये. तिसऱ्या सत्रात उत्तीर्णतेसाठी प्रात्यक्षिक वहीचे गुण लेखीपेक्षा जास्त ठेवावेत, आणि पहिली दोन वर्षे बाजार फाइलीचा पेपर इच्छुक महाविद्यालयांनीच घ्यावा. तिन्ही जिल्ह्यांतून दोन-दोन महाविद्यालये पुढे आली तरी सुरुवात होईल.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत चार गोष्टी विषयपत्रिकेवर याव्यात, ही विनंती: तिसऱ्या-चौथ्या सत्रातील ६० तासिकांचा संख्याशास्त्राचा पेपर, पाचव्या-सहाव्या सत्रातील बाजार किंवा गाव फाइल, लेखी परीक्षेतील पर्यायाविना उदाहरण, आणि प्रात्यक्षिकाचा कार्यभार. शिक्षकांच्या उजळणीसाठी कापसाच्या एका हंगामाची सरावाची फाइल आम्ही तयार केली आहे. तिच्यात एकक, बंद दिवस आणि टंकन यांच्या ३० चुका मुद्दाम पेरल्या आहेत आणि उत्तरसूची वेगळी ठेवली आहे. जो विभाग मागेल त्याला दोन्ही देऊ, आणि बोलावले तर येऊन एक दिवस सोबत बसून सोडवूही.

आपले,
खान्देशातील पदवी वर्गांना अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकवणारे काही शिक्षक